डब्लिनात जुनी गाडी घ्यायचीय, हा व्हीआरटी प्रकार कोणी नीट समजावेल का?

लिफीकाठचा_गणू

नमस्कार मंडळी,

डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली, आजवर बस आणि लुआसवर (इथली ट्राम) भागवलं. आता लेक क्रेशला (पाळणाघरात) जायला लागली आणि सकाळी पावसात बसची वाट बघायची म्हणजे ॲपवर २ मिनिटं दिसतं, मग १ मिनिट, आणि मग बस यायच्या ऐवजी नावच गायब होतं, इकडे त्याला घोस्ट बस म्हणतात. तर बायकोने निर्वाणीचा इशारा दिलाय, गाडी घे. बजेट साधारण १६ हजार युरो, त्यात इन्शुरन्स धरलेला नाही.

इथल्या वेबसायटींवर बघितलं तर मला हवी तशी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक साडेपंधराच्या आसपास जातेय. तीच गाडी मँचेस्टरला साडेदहा हजार पौंडाला, म्हणजे धरून चला १२ हजार युरो. उजव्या हाताचं स्टिअरिंग दोन्हीकडे सारखंच, बोटीत टाकली की इकडे. फक्त इथे पासिंग करताना व्हीआरटी नावाचा टॅक्स लागतो आणि तो धुरावर ठरतो म्हणतात. त्या गाडीच्या कागदावर सीओटू ११० लिहिलंय. तक्त्यात १०६ ते ११० ला १३.५ टक्के दिसतंय. म्हणजे १२ हजारावर १६०० च्या आसपास, एकूण १४ हजाराच्या आत, दीड दोन हजार सुटतात आणि वर थोडं फिरणं होतं.

माझं गणित बरोबर आहे ना? का कुठे माती खातोय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कांदेपोहे_प्रो

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

शॅमरॉक_काकू

गणू, थांब रे बाबा, पैसे पाठवू नकोस कुणाला. मी इथे वीस वर्षं आहे, ब्लँचर्ड्सटाउनला, आणि आमच्या ह्यांनी ब्रेक्झिटच्या आधी दोन गाड्या तिकडून आणल्या होत्या म्हणून सांगते, तेव्हा परवडायचं. २०१९ मध्ये वर्षाला लाखाच्या वर जुन्या गाड्या यायच्या तिकडून, देशाची लोकसंख्या केवढी आणि गाड्या केवढ्या! आता ते दिवस गेले.

तुझं पहिलं चुकलं ते हे की व्हीआरटी तू दिलेल्या किमतीवर लागत नाही. तो लागतो ओएमएसपीवर. म्हणजे ती गाडी इथे आयर्लंडमध्ये बाजारात सगळे टॅक्स धरून कितीला विकली गेली असती तो आकडा, आणि तो रेव्हेन्यूवाले (इथलं टॅक्स खातं) ठरवतात, तू नाहीस. तुला मामाने फुकट दिली तरी त्यांच्या लेखी ती साडेपंधराचीच. त्यांच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, त्यात मॉडेल टाकून बघ आधी.

दुसरं म्हणजे ब्रेक्झिटनंतर मँचेस्टर म्हणजे परदेश. व्हॅट २३ टक्के, गाडी जुनी असली तरी. आणि गाडी मुळात ब्रिटनमध्ये बनलेली नसेल तर त्याआधी कस्टम १० टक्के. व्हॅट हा कस्टमसकट रकमेवर. हे तुझ्या हिशोबात कुठेच नाही.

लिफीकाठचा_गणू

काकू, धन्यवाद. गाडी जपानी कंपनीची आहे पण बनलीय कुठे ते बघावं लागेल. व्हॅट दोनदा का पण? त्या माणसाने नवी घेताना ब्रिटनला भरलाच असेल की.

शॅमरॉक_काकू

भरला ना, ब्रिटनला. आयर्लंडला कुठे मिळाला?

गिअरबॉक्स

कॉर्कहून. काकूंना पूर्ण अनुमोदन, आणि गणूभाऊ, अजून एक वाईट बातमी आहे, बसून वाचा.

तुमच्या कागदावरचे ११० हे जुन्या चाचणीचे आहेत. गाडीचा सीओटू म्हणजे एक किलोमीटर चालल्यावर किती ग्रॅम सोडते तो आकडा, आणि तो लॅबमध्ये रोलरवर मोजतात. जुनी चाचणी एनईडीसी, ती इतकी सौम्य होती की तिच्यातला ॲव्हरेज प्रत्यक्षात कुणालाच कधी मिळाला नाही. मग डब्ल्यूएलटीपी आली, जास्त वेळ, जास्त स्पीड, खऱ्या ड्रायव्हिंगच्या जवळ जाणारी. आयर्लंडने जानेवारी २०२१ पासून व्हीआरटी या नव्या आकड्यावर नेला. आता २०१७ च्या बऱ्याच गाड्यांना नवा आकडा मोजलेलाच नाही, मग काय करायचं, तर सूत्र:

पेट्रोलला जुना आकडा गुणिले ०.९२२७ अधिक ३४.५५४
डिझेलला जुना आकडा गुणिले १.१४०५ अधिक १२.८५८

तुमचे ११० टाका. १०१.५ आणि ३४.५५, झाले १३६. आता तक्ता परत बघा. १३६ ते १४० ला २० टक्के. १३.५ नाही.

गाडी तीच, धूर तोच, बोटीतून उतरली की २६ ग्रॅमने जाड होते :)

लिफीकाठचा_गणू

अरे देवा. हे कुठे लिहिलेलं असतं?

गिअरबॉक्स

रेव्हेन्यूच्या साइटवर स्वच्छ लिहिलंय हो, लपवलेलं काही नाही. पण लोक तक्ता बघतात आणि तक्त्याखालचा मजकूर वाचत नाहीत.

तक्ता तसा समजून घेण्यासारखा आहे. २० पायऱ्या आहेत. ५० ग्रॅमपर्यंत ७ टक्के, ५१ ते ८० ला ९, मग दर पाच ग्रॅमला पाऊण टक्का वगैरे करत हळूहळू चढतो, ११६ ते १२० ला १६ टक्के. इथवर ठीक. १४५ ओलांडले की मात्र जिन्याची शिडी होते. १४१ ते १४५ ला २१.५, पुढच्या पायरीला थेट २५, मग २७.५, मग ३०, १७१ पासून ३५ आणि १९० च्या वर ४१ टक्के. म्हणजे २० हजाराच्या गाडीवर ११८ ग्रॅमवाल्याला ३२०० आणि १४८ वाल्याला ५ हजार. कंपन्या अमुक मॉडेल बरोबर १४५ च्या आत का बसवतात ते यावरून कळतं. टायरची साइज एक इंच वाढवली, पॅनोरमिक छत घेतलं की दोन तीन ग्रॅम वाढतात आणि गाडी पुढच्या पायरीवर जाते, म्हणजे छताचे पैसे वेगळे आणि छतामुळे वाढलेल्या टॅक्सचे वेगळे.

झणझणीत

नाद खुळा! छतावर पण टॅक्स. आमच्या कोल्हापुरात सनरूफ म्हणजे पोरगं बाहेर डोकं काढून उभं करायची जागा.

बेलफास्ट_बाळू

गणू, मँचेस्टर सोड, आमच्याकडे ये. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये आधीपासून वापरात असलेली गाडी असेल तर कस्टम आणि व्हॅट लागत नाही. पण पुरावा लागतो. डीलरने मागच्याच महिन्यात लिव्हरपूलहून आणून बेलफास्टची पाटी लावली असेल तर ती चालत नाही, ती ब्रिटनहून आलेलीच धरतात. जुना मालक इथलाच होता, इथेच इन्शुरन्स आणि टेस्ट झाली, असे कागद मागून घे. व्हीआरटी मात्र कुठूनही आणली तरी चुकत नाही.

आणि खरं सांगायचं तर हे सगळ्यांना कळल्यापासून इथल्या खऱ्याखुऱ्या लोकल गाड्यांचे भाव पण वर गेलेत. पूर्वीसारखी लूट नाही.

शॅमरॉक_काकू

बाळूचं खरंय. आणि नॉक्स विसरू नका कोणी.

लिफीकाठचा_गणू

आता हे नॉक्स काय?

गिअरबॉक्स

हा माझा आवडता विषय, त्यामुळे जरा लांबण लागेल, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

जुलै २००८ च्या आधी इथे टॅक्स इंजिनच्या सीसीवर होता, जसा आपल्याकडे मोठ्या गाडीला जास्त. ग्रीन पार्टी सरकारात होती तेव्हा १ जुलै २००८ पासून सगळं सीओटूवर आणलं. व्हीआरटी पण आणि दरवर्षीचा मोटार टॅक्स पण. हेतू चांगलाच होता. पण सीओटू म्हणजे साध्या भाषेत जाळलेलं इंधन, आणि डिझेल इंजिन तेवढ्याच अंतराला पेट्रोलपेक्षा कमी इंधन खातं. त्यामुळे तक्त्यात सगळ्या डिझेल गाड्या आपोआप वरच्या स्वस्त पायऱ्यांत जाऊन बसल्या. लोक काही वेडे नाहीत, पुढच्या काही वर्षांत नव्या गाड्यांतल्या सत्तर टक्क्यांहून जास्त डिझेल झाल्या. गावातल्या गावात मुलांना शाळेत सोडणारी आई पण दोन लिटरचं डिझेल चालवायला लागली, आणि असल्या छोट्या फेऱ्यांनी डिझेलचा फिल्टर चोंदतो तो खर्च वेगळाच.

पण डिझेलच्या धुरात दुसरी गोष्ट जास्त असते, नायट्रोजन ऑक्साइड, तेच नॉक्स. ते पृथ्वी तापवायच्या हिशोबात येत नाही, ते थेट तुमच्या आमच्या छातीत जातं. तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता. मग सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं, लॅबमध्ये टेस्ट चाललीय हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं, रस्त्यावर मात्र मोकाट. त्यानंतर सगळीकडेच डिझेलचं पारडं फिरलं. इथे २०१९ ला डिझेलवर सरसकट एक टक्का जादा व्हीआरटी लावला आणि जानेवारी २०२० पासून तो काढून नॉक्सचा वेगळा आकार आला. आता दर किलोमीटरमागच्या पहिल्या ४० मिलिग्रॅमला प्रत्येकी ५ युरो, ४१ ते ८० ला प्रत्येकी १५, आणि ८० च्या वर प्रत्येकी २५. डिझेलला कमाल ४८५०, इतरांना कमाल ६००.

पेट्रोल हॅचबॅकला दीडशे दोनशे युरोत भागतं. पण जुन्या युरो ५ धूर-नियमातली एखादी २०१३ ची डिझेल घ्या, १६० मिलिग्रॅम. २०० अधिक ६०० अधिक ८० गुणिले २५ म्हणजे २०००, झाले २८००. गाडीची इथली किंमत ७ हजार असेल तर चाळीस टक्के नुसता नॉक्स, व्हीआरटी त्याच्यावर. सरकारने स्वतःच्याच तक्त्याने जी गाडी घ्यायला लावली तिलाच बारा वर्षांनी उंबरठ्यावर अडवलं.

कांदेपोहे_प्रो

लेख म्हणून वेगळा टाका हा. वाचनखूण साठवली.

राजेहो_नागपूरकर

काय राजेहो, आमच्याकडे पीयूसीची चिठ्ठी मिळते ती बघून तुमचे हे रेव्हेन्यूवाले बेशुद्ध पडतील. गाडी घरी, चिठ्ठी हातात.

कांदेपोहे_प्रो

हाहा. पण सिरियसली, आपल्याकडे धुरावर टॅक्स कुठे आहे? मी सध्या पुण्यात कोटेशन घेत फिरतोय म्हणून ताजा अभ्यास आहे. जीएसटी बघतं गाडीची लांबी आणि सीसी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीच्या आत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४० टक्के, ईव्हीला ५. त्याआधी सेसच्या जमान्यात तर एसयूव्ही ठरवायला ग्राउंड क्लिअरन्स मोजायचे, १७० मिलिमीटर. म्हणजे गाडी जमिनीपासून किती उंच आहे त्यावर टॅक्स, नळीतून काय येतं त्यावर नाही!

आरटीओचा वन टाइम टॅक्स तरी इंधन बघतो. महाराष्ट्रात पेट्रोलला १० लाखापर्यंत ११ टक्के, २० पर्यंत १२, त्याच्यावर १३. डिझेलला तेच १३, १४, १५. सीएनजी ७ ते ९ होता, जुलै २०२५ पासून एकेक टक्का वाढवला. ईव्हीला शून्य. मार्च २०२५ च्या बजेटात ३० लाखाच्या वरच्या ईव्हींना ६ टक्के लावायचं म्हणाले होते पण ते नंतर मागे घेतलं. आणि टॅक्सची कमाल मर्यादा २० लाखाची ३० लाख केली, ती आपल्यातल्या कुणाला लागणार नाही म्हणून सोडून देऊ.

म्हणजे १२ लाखाची गाडी, पेट्रोल असेल तर १ लाख ४४ हजार, डिझेल असेल तर १ लाख ६८. हा पण किमतीवरच, आणि किमतीत जीएसटी आधीच धरलेला. टॅक्सवर टॅक्स, गणूच्या आयर्लंडसारखाच. मग एवढं वेगळं काय आहे?

गिअरबॉक्स

वेगळं हे की आपल्याकडे दोन पेट्रोल गाड्या, एक लिटरला २४ देणारी आणि एक १२ देणारी, किंमत सारखी असेल तर आरटीओत टॅक्स सारखाच. इथे तसं होत नाही. भारतात धुराची अट गिऱ्हाइकावर नाही, कंपनीवर आहे, वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी ११३ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणून. शोरूममध्ये बसलेल्या माणसाला ती दिसतच नाही.

कांदेपोहे_प्रो

हां, हे पटलं. बिलावर दिसत नाही म्हणून आपण विचार करत नाही.

शून्य_उत्सर्जन

एवढी डोकेफोड कशाला करताय सगळे, ईव्ही घ्या. ७ टक्के व्हीआरटी, त्यात ४० हजारापर्यंतच्या ईव्हीला ५ हजारापर्यंत माफी, म्हणजे ३८ हजाराच्या गाडीला २६६० होतो तो पूर्ण शून्य. ४० ते ५० हजारात माफी कमी कमी होत जाते, ४५ हजाराला निम्मी, ५० ला संपली. ही माफी २०२६ अखेरपर्यंत वाढवलीय. वर एसईएआय या सरकारी ऊर्जा संस्थेची ३५०० ची ग्रँट. नॉक्स शून्य. दरवर्षीचा मोटार टॅक्स १२० युरो, सगळ्यात कमी. सगळ्यात जास्त धूर सोडणाऱ्याला तोच २४०० आहे. अजून काय पाहिजे?

लिफीकाठचा_गणू

दादा, बजेट १६ हजार आहे.

शून्य_उत्सर्जन

मग जुनी ईव्ही.

लिफीकाठचा_गणू

तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. वायर खिडकीतून सोडू का?

मिडलंड्समास्तर

शून्य_उत्सर्जन यांना एक विनंती, रागावू नका, पण हे जे सगळे फायदे तुम्ही मोजले ते नवी गाडी परवडणाऱ्याला, स्वतःच्या दारात पार्किंग असणाऱ्याला मिळतात. मी ॲथलोनच्या बाहेर राहतो, बायको हॉस्पिटलात नर्स आहे, नाइट ड्युटी. रात्री बस नाही, दिवसा पण नावालाच. आम्ही आलो तेव्हा हातात चार हजार होते, त्यात ०७ नंबरची, म्हणजे २००७ ची, दोन लिटरची सेडान मिळाली. ती २००८ च्या आधीची म्हणून तिला अजून जुना सीसीवाला टॅक्स, वर्षाला ७१० युरो. शेजारच्या वकीलबाईंची ०९ ची, तेवढ्याच सीसीची, कागदावर १५० ग्रॅम, तिला तेव्हा ३९०. आमच्या गाडीची किंमत तेव्हा दोन हजार राहिली होती आणि दर तीन वर्षांना तिच्या किमतीएवढा टॅक्स भरत होतो. टॅक्समुळे गाडी बदलावी असं सरकारचं म्हणणं असेल, पण बदलायला पैसे असते तर ०७ ची घेतली असती का?

ईव्हीला विरोध नाही हां. पुढची तीच घेणार, आता घर झालंय.

शून्य_उत्सर्जन

मुद्दा मान्य आहे. मी स्वतः कंपनीच्या गाडीवाला आहे त्यामुळे मला बोलायला काय जातंय :) पण एक सांगतो, मी २०१८ ला नव्या डिझेलसाठी रांगेत उभा होतो, टॅक्सचा फरक पाहूनच ईव्हीकडे वळलो, पर्यावरणाचा पुळका वगैरे नंतर आला. तक्ता लोकांना वळवतो हे खरं आहे, गिअरबॉक्स म्हणतात तसं चुकीकडे पण वळवतो.

शॅमरॉक_काकू

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं सांगते, नाव नको. त्याने जपानहून येणारी जुनी हायब्रिड घेतली एका एजंटामार्फत, ब्रेक्झिटनंतर ती टूम निघालीय कारण तिकडे पण उजवं स्टिअरिंग आणि गाड्या चकाचक. एजंट म्हणाला हायब्रिड आहे, टॅक्स नगण्य. पण जपानची चाचणी वेगळी, युरोपचा कागद नाही, नॉक्सचा आकडा सिद्ध करणारं काहीच नाही हातात. आकडा नसेल तर कमाल लावतात, त्यामुळे ६०० भरले. हायब्रिड पेट्रोलवाली म्हणून ६०० वर सुटला, डिझेल असती तर ४८५०. एजंटाने फोन उचलायचा बंद केला. म्हणून म्हणते, गाडी बाहेरची असेल तर कागद आधी, रंग नंतर.

बेलफास्ट_बाळू

आणि आणल्यावर सात दिवसांत तपासणीची वेळ घ्यायची असते आणि तीस दिवसांत व्हीआरटी भरून नंबर घ्यायचा. बघू पुढच्या महिन्यात असं चालत नाही. थांबलात तर गाडी उचलून नेतात.

झणझणीत

मग जे लोक तिकडं शिफ्ट होताना स्वतःची गाडी घेऊन जात्यात त्यांनी पण भरायचा का? माझा मेव्हणा लंडनवरनं डब्लिनला चाललाय म्हणून विचारतोय.

शॅमरॉक_काकू

नाही, त्याला सूट आहे. राहायलाच येत असेल आणि गाडी निदान सहा महिने तिकडे त्याच्या मालकीची आणि वापरातली असेल तर व्हीआरटी माफ होतो. पण मग बारा महिने विकता येत नाही. मेव्हण्याला सांग आजच घेऊन उद्या निघू नकोस. आणि इन्शुरन्स, रोड टॅक्स, पेट्रोलच्या पावत्या सगळं जपून ठेवायला सांग.

झणझणीत

लई उपकार काकू. मेव्हण्यानं मागच्याच आठवड्यात घेतलीया. आता सहा म्हैने लंडनलाच बस म्हणतो.

लिफीकाठचा_गणू

मंडळी, रात्री बसून सगळा हिशोब परत मांडला. बायकोला दाखवला तर ती म्हणाली हे आधी करायला काय झालं होतं.

गाडी १२०००
कस्टम १० टक्के १२०० (चासी नंबरवरून कळलं, ब्रिटनमध्ये बनलेली नाही)
व्हॅट २३ टक्के, १३२०० वर, ३०३६
व्हीआरटी २० टक्के, १५५०० वर, ३१००
नॉक्स ४० मिलिग्रॅम धरून २००

एकूण १९५३६. बोट, डिझ्नी बघायचा हट्ट झाला असता तसा एखादा हॉटेलचा मुक्काम, ते वेगळं. १४ हजारात पडणार म्हणत होतो!

कांदेपोहे_प्रो

मँचेस्टरला डिझ्नी कुठेय?

लिफीकाठचा_गणू

नाहीये. लेकीला माहीत नाही ते.

गिअरबॉक्स

आता यातली खरी मेख बघा. ओएमएसपी म्हणजे काय, इथे सगळे टॅक्स धरून त्या गाडीला जो भाव येतो तो. तो साडेपंधरा. म्हणजे डब्लिनच्या कुठल्याही गल्लीत साडेपंधराला जी गाडी मिळते तिच्यात व्हीआरटी आधीच मुरलेला आहे. पहिल्या मालकाने नवी घेताना भरला, गाडीची किंमत उतरली तसा तो पण उतरला, आणि तुम्ही त्यातला उरलेला तुकडा नकळत विकत घेता. म्हणून इथल्या जुन्या गाड्या ब्रिटनपेक्षा महाग वाटतात. त्या महाग नाहीत, त्यांच्या पोटात टॅक्स आहे. उद्या ती गाडी कायमची देशाबाहेर न्यायची झाली तर अटीत बसत असेल तर व्हीआरटीचा काही भाग परत पण मिळतो, त्यावरून समजून जा.

मिडलंड्समास्तर

आपल्याकडे पण एमएच १२ ची गाडी कायमची बंगलोरला नेली की राहिलेल्या वर्षांचा टॅक्स परत मागता येतो. मागता येतो. मिळतो का ते सांगायला कोणीतरी अनुभवी लागेल.

राजेहो_नागपूरकर

त्याच्यासाठी वेगळा धागा लागेल भाऊ, आणि तो धागा शंभरी गाठेल.

लिफीकाठचा_गणू

गिअरबॉक्स, हे वाक्य आधी सांगितलं असतं तर झोप वाचली असती :) पण मग एक शंका. टॅक्स मुरलेलाच आहे तर मी सीओटू बघायची गरजच काय? जी आवडेल ती घ्यावी.

गिअरबॉक्स

विकत घेताना बघून फार फरक पडत नाही, भावातच आलेलं असतं. पण मोटार टॅक्स दरवर्षी तुम्हीच भरणार, पेट्रोल तुम्हीच भरणार, आणि चार वर्षांनी विकायला काढाल तेव्हा समोरचा पण हाच तक्ता घेऊन येणार. म्हणून कमी आकड्याची घ्या, पण त्यासाठी दोन हजार जास्त मोजू नका. महिन्याला तीनशे किलोमीटर क्रेश आणि देऊळ करणाऱ्याला तेवढे पैसे कधीच वसूल होत नाहीत.

आणि ०८ च्या आधीची असेल तर मिडलंड्समास्तरांचा प्रतिसाद परत वाचा.

शून्य_उत्सर्जन

आणि डिझेल नको. शहरात छोट्या फेऱ्या आहेत.

शॅमरॉक_काकू

हे मात्र त्याचं पहिल्यांदा पटलं.

लिफीकाठचा_गणू

अपडेट देतो, राहून गेलं होतं. तीन आठवडे झाले.

लुकनला एका आजोबांकडून घेतली. १८१ डी नंबरची छोटी पेट्रोल हायब्रिड, १५२०० ला. कागदावर सीओटू ८२, जुन्या चाचणीचा, त्यामुळे मोटार टॅक्स वर्षाला १८०. बोट नाही, कस्टम नाही, रेव्हेन्यूच्या साइटवर लॉगिन पण करावं लागलं नाही. आजोबा चावी देताना दहा मिनिटं समजावत होते की उतारावर ब्रेक हळू दाब म्हणजे बॅटरी भरते, आणि सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या बिस्किटाच्या डब्यात लावून ठेवल्या होत्या, तो डबा पण दिला.

नंबरच्या सुरुवातीला १८१ म्हणजे २०१८ ची पहिली सहामाही. ही पद्धत २०१३ पासून आली, आणि तेव्हा १३ आकडा अशुभ म्हणून लोक गाड्या घेणार नाहीत अशी भीती होती, असं आजोबांनीच सांगितलं. १३१ आणि १३२ केल्याने १३ एकटा दिसत नाही. म्हणजे आपणच नारळ फोडतो असं नाही.

इन्शुरन्सचा आकडा सांगत नाही. भारतातलं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, परत पहिल्यापासून टेस्ट दिली होती, त्यामुळे त्यांच्या लेखी मी काल गाडी शिकलेला माणूस. व्हीआरटीची भीती उगीच घेतली होती.

सगळ्यांचे मनापासून आभार, काकू तुमच्याकडे पेढे घेऊन येतो, गाडीनेच येतो.

शॅमरॉक_काकू

ये रे. शनिवारी ये, रविवारी आमचं भजन असतं. अभिनंदन!

बेलफास्ट_बाळू

अभिनंदन! फोटो टाका.

कांदेपोहे_प्रो

अभिनंदन गणू. आता धागा मोकळा झालाच आहे तर माझं पण कोणीतरी सांगा. पुण्यात, चार मीटरच्या आतली, ९ लाखाची. पेट्रोल घेतली तर आरटीओ ११ टक्के, ९९ हजार. सीएनजीला टक्के कमी पण गाडीच लाखभर महाग आणि डिकी सिलिंडरने गेली. ईव्हीला टॅक्स शून्य पण आमच्या सोसायटीत चार्जरचा विषय तीन एजीएम चाललाय. काय घेऊ?

गिअरबॉक्स

रनिंग किती आहे?

कांदेपोहे_प्रो

महिन्याला दोनशे किलोमीटर. सदाशिव पेठेतून कोथरूड, आठवड्यातून दोनदा, आणि कधीतरी सासुरवाडी.

राजेहो_नागपूरकर

रिक्षा.